डाव्या कोपऱ्यातला ओलावा

दोन झडपा. आठ तावदानं, त्यातलं एक तडकलेलं. चार बिजागऱ्या, तीन मूळच्या आणि एक नंतर कधीतरी बसवलेली, तिचे स्क्रू वेगळ्या डोक्याचे. एक मूठ, एक कडी. वरची खिट्टी नाही, तिची फक्त दोन भोकं. रंगाचे निदान पाच थर: वर पांढरा, त्याखाली मळका पांढरा, मग हिरवा, मग दुसरा हिरवा आणि अगदी आत, लाकडाला चिकटलेला गुलाबी, जो आमच्यापैकी कुणी कधी पाहिलेला नव्हता. आणि चौकटीच्या तळाच्या आडव्या पट्टीत, डाव्या कोपऱ्यात, एक भोक. ते आत्ताच पडलं होतं आणि त्यात माझा अंगठा होता.

मी फक्त खिडकी लावायला गेले होते. बाबा खुर्चीत डुलकी घेत होते, वारा त्यांच्या पायांवर येत होता, म्हणून डावा हात चौकटीवर टेकून मी झडप ओढली. रंग लगेच फाटला नाही. दुधावरची साय बोटाखाली दबावी तसा आधी दबला आणि मग एकदम फाटला. आत लाकूड नव्हतं. त्याच्या जागी भिजून लगदा झालेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी होतं, गार आणि मऊ, आणि अंगठा बाहेर काढल्यावर त्याला अळंब्यांचा वास येत होता. कुजलेल्याची मला किळस येत नाही. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. लोक बाटल्यांतून काय काय आणून देतात ते बघून किळस केव्हाच संपली. मला धस्स झालं ते रंगामुळे. रंग अगदी नीट होता. एक सुरकुती नाही, एक फुगवटा नाही. त्या पट्टीवरून मी कितीदा फडकं फिरवलं असेल आणि माझ्या हाताला काही कळलं नव्हतं.

"काय मोडलंस, मापाडी?" डोळे न उघडताच बाबांनी विचारलं.

"काही नाही. लाकूड कुजलंय."

"कुठलं?"

"खिडकीचं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि परत झोपले, किंवा झोपल्यासारखे राहिले.

मापाडी हे नाव त्यांनी मी लहान असताना ठेवलं. बाजारात धान्य मोजून देतो तो मापाडी. मला दिसेल ते मोजायची खोड होती म्हणून. खरं तर खोड त्यांचीच. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले तराजू आणि वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर उचलून न्यायची. कधीकधी मला बरोबर न्यायचे. आम्हाला बघून दुकानदार हसायचे आणि मला काहीतरी खायला देऊ करायचे, मग बाबा माझ्याकडे न बघता नुसते खाकरायचे आणि मी हात मागे घ्यायची. वजन तळहातावर ठेवून ते डोळे मिटायचे. दुकानातला आवाज तेवढ्यापुरता बंद झाल्यासारखा वाटायचा. मग वजन उलटं करून तळाच्या भोकात भरलेलं शिसं, कुणी काढून वजन हलकं केलंय का ते बघायला, नखाने खरवडायचे. "बेधडक काटा मारणारा सापडतो गं," एकदा घरी येताना त्यांनी मला सांगितलं होतं, "थोडं थोडं मारणारा सापडत नाही. किलोमागे चिमूटभर. त्याचं घर चालतं आणि गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो." त्यांच्या आवाजात तेव्हा राग नव्हता, चक्क कौतुक होतं. मला ते कौतुक खटकलं होतं. का, ते मला त्या वयात सांगता आलं नसतं आणि आता, तो हात सुजून पांढरट झालेला, नखं फिकी पडलेली, खुर्चीच्या हातावर ठेवलेला असताना, सांगून काही उपयोग नव्हता.

आईचं म्हणणं, खिडकी काढून नवीन बसवावी. आई कपडे शिवते आणि बोलताना तिच्या तोंडात बहुधा टाचण्या असतात, त्यामुळे तिची सगळी मतं ओठांच्या एका कडेने येतात. पण नवीन चौकट म्हणजे भिंत फोडणं, धूळ, चार माणसांची ये-जा, आणि बाबांना तिथून हलवणं. त्यांच्या दोन्ही किडन्या कशाबशा चालत होत्या, धाप लागायची, आणि त्या खुर्चीखेरीज त्यांना कुठेही चैन पडत नव्हतं. "माझ्या खिडकीला हात लावायचा नाही," असं ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "म्हणजे, बाहेरच्या माणसाने." असं ते काम माझ्याकडे आलं.

रंगाच्या दुकानातल्या माणसाने आधी माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघितलं. "भावाला पाठवायचं ना, ताई."

"भाऊ नाही. मीच आहे."

"मग हातमोजे लहान देतो," तो म्हणाला आणि दोन डबे पुढे ठेवले. कुजलेल्या लाकडासाठी दोन प्रकारचं इपॉक्सी मिळतं, हे मी वाचून गेले होते. एक घट्ट, खड्डा भरायचं, रंगारी वापरतात त्या लांबीसारखं. दुसरं पाण्याइतकं पातळ. ते भरायचं नसतं, मुरू द्यायचं असतं. कुजलेल्या लाकडात बुरशीने पोकळ करून ठेवलेले धागे तसेच उभे असतात, त्यांच्यातून ते वर चढतं, आत जाऊन घट्ट होतं, आणि मग त्याच्यावर घट्ट इपॉक्सी बसतं. "पण एक लक्षात ठेवा," दुकानदार म्हणाला, "लाकूड सुकं पाहिजे. ओल्यात टाकलंत तर वरून दगड आणि आतून शेवाळ." हे वाक्य त्याने बहुतेक पुष्कळदा म्हटलेलं असावं, कारण म्हणताना तो सुट्टे पैसे मोजत होता.

लाकडाचा ओलावा मोजायचं यंत्र आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होतं. मुठीएवढं, पुढे दोन सुया. सुया लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. पंधराच्या खाली आलं की काम सुरू करायचं. मी पटाशीने सगळा लगदा काढून टाकला, टणक लाकूड लागेपर्यंत खरवडलं, आणि सवयीने त्यातला थोडा चुरा नमुन्याच्या बाटलीत भरून ठेवला. असं मी कशाचंही करते. बाबा बघत होते. मी खाली वाकलेली, ते वर खुर्चीत. आम्ही इतक्या जवळ बरेच दिवसांत नव्हतो. त्यांच्या श्वासाला एक धातूसारखा वास होता, रक्तात साचलेल्याचा, आणि त्या वासातून मी लाकूड खरवडत राहिले. "दातांच्या डॉक्टरसारखी करतेस," ते म्हणाले. मी विचारलं, दुखतंय का. ते हसले. मग त्यांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

उजव्या कोपऱ्यातला ओलावा रोज उतरत गेला. सत्तावीस, बावीस, अठरा. डावा कोपरा चाळिशीतून हलत नव्हता. एका संध्याकाळी थोडा उतरायचा, दुसऱ्या संध्याकाळी परत तिथेच. मी केस वाळवायचं यंत्र लावलं, रात्रभर दिवा ठेवला. पाऊस नव्हता. भिंतीत नळ नव्हता, वरच्या मजल्याचं पाणी दुसऱ्या बाजूने उतरत होतं. मी गच्चीवर जाऊन बघून आले. एकाच लाकडाची दोन टोकं, मध्ये हातभराहून थोडं जास्त अंतर, तीच हवा, तोच उजेड. जेवताना मी हे आईला सांगितलं. सांगत होते ती खरं तर स्वतःलाच.

"म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय," आई म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली, कारण आपल्याकडे हे वाक्य लाकडाविषयी कुणी म्हणत नाही. कुणीतरी काहीतरी लपवतंय, आतून काही शिजतंय, असं वाटलं की म्हणतात. तिने ते खरंच पाण्याविषयी म्हटलं होतं. मीही हसले. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या खुणेपर्यंत भरलेला, आणि त्यातला एक घोट घेऊन खाली ठेवला.

बाटलीतला चुरा मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली धरला, उगीच, बुरशीचे धागे बघायला. धागे होते. लाकडाचे तंतू होते, विरलेल्या कापडासारखे. आणि सगळ्यांच्या मध्ये, फटीफटींत भरलेले, पिवळसर पारदर्शक तुकडे. काचेच्या चुऱ्यासारखे, धारदार कडांचे. वाळू नव्हती. आम्ल टाकलं, फेस आला नाही. पाण्यात विरघळले नाहीत, स्पिरिटमध्ये नाहीत. मी त्यांची संख्या मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. माझ्या पलीकडच्या टेबलावर शुद्ध पाणी तयार करायचं नळकांडं असतं, त्यात रेझिनचे मणी असतात, पाण्यातला क्षार धरून ठेवणारे. ते मी रोज बघते. मला त्या तुकड्यांचा रंग कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता आणि मी त्या नळकांड्याकडे बघत बसले होते. पण ओळख तिथून येत नव्हती, दुसरीकडून येत होती, घरातून, आणि ती येऊ नये म्हणून मी बाटलीचं झाकण लावलं, हात धुतले, दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीचं पाणी तपासायला घेतलं.

बाबांच्या रक्तात पोटॅशियम साचत होतं. किडनी ते बाहेर टाकू शकत नव्हती. "साडेपाचपर्यंत चालवून घेऊ," डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, "सहाच्या वर गेलं तर मला झोप लागत नाही. हृदय सांगून थांबत नाही." म्हणून रोज सकाळी एक पुडी. पुडीत फिकट पिवळी पूड, पाण्यात कालवून प्यायची. ती आतड्यात पोटॅशियम धरून ठेवते आणि बाहेर नेते. तीही रेझिनच. पहिल्या दिवशी आई ग्लासात चमचा फिरवून फिरवून दमली होती आणि मी म्हटलं होतं, "आई, ते विरघळत नाही." तिने चमचा काढून ग्लासच्या काठावर ठोकला. "मग मुरू दे थोडा वेळ." तिच्या लेखी जे विरघळत नाही ते मुरावं लागतं, लिंबं मिठात मुरतात, रंग कापडात मुरतो, राग माणसात मुरतो. ती ग्लास बाबांच्या शेजारी स्टुलावर ठेवायची आणि मशीनवर जाऊन बसायची. पूड कालवल्याबरोबर हलवत प्यायची असते, नाहीतर तळाशी बसते. हे कागदावर लिहिलेलं होतं. पण ग्लास रिकामा परत यायचा, रोज, आणि रिकाम्या ग्लासाला कोण काय विचारणार. दर महिन्याला रक्ताचा आकडा यायचा, पाच पूर्णांक नऊ, सहा पूर्णांक एक, आणि डॉक्टर आईकडे बघायचे. "औषध रोज घेतात ना?"

"रोज. मी स्वतः देते," आई म्हणायची. ती देत होती, हे खरंच होतं.

मधे एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई चादर घेऊन वर आल्या होत्या. वाळत घातलेल्या चादरीवर पिवळट ठिपके. आईने कबुतरांचं नाव घेतलं. "कबुतरंच ती," बाबा खुर्चीतून म्हणाले होते, "माजलीत फार." आणि त्या बाई गेल्यावर त्यांनी मला डोळा घातला होता. तो डोळा मला त्या संध्याकाळी, घरी परत येताना, रस्ता ओलांडायला उभी असताना आठवला. दिवा हिरवा झाला, लोक माझ्या अंगावरून पुढे गेले, दिवा परत लाल झाला. सगळं जुळत होतं. डावी झडप त्यांच्या हाताशी. हात कापतो, त्यामुळे औषध ओतताना ग्लास पुरता बाहेर पोचत नाही, निम्मं पट्टीवर सांडतं. सांडलेलं बाहीने पुसायचं. बाहेरून रंग कोरडा, आणि सांध्यातून रोज थोडं आत. किती काळ? इतकं कुजायला जितका लागतो तितका. मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. उत्तर सापडल्यावर जी एक स्वच्छ, थंड खुशी होते, तीच झाली, आणि ती ओसरल्यावर मी तिथेच फुटपाथच्या कडेला बसले.

घरी जाऊन मी एक पुडी उघडून ताडून बघितलं. तेच तुकडे.

मी कुणालाच काही म्हटलं नाही. सांगायला लागलं असतं ते आईला. आणि आईला सांगणं म्हणजे तिच्या हाताने दिलेल्या प्रत्येक ग्लासाविषयी सांगणं. बाबांना विचारायचं तर कुठल्या शब्दांनी? माझ्याकडे लाकडाचे शब्द होते. मी म्हटलं, "दोन्ही झडपा काढाव्या लागणार. खालची कड त्यांचीही गेलीय. तोपर्यंत प्लास्टिक लावते." आणि चौकटीला बाहेरून जाड प्लास्टिक ताणून, चारी कडांनी पट्ट्या ठोकून टाकल्या. खोलीत दुधी उजेड आला. रस्ता दिसेनासा झाला, फक्त त्याचा आवाज राहिला. हातोडी खाली ठेवून वळले तेव्हा बाबा माझ्याकडेच बघत होते, वजन तळहातावर घेतल्यावर जसे थांबायचे तसे, फक्त डोळे उघडे.

"पक्कं केलंस," ते म्हणाले.

"वारा येऊ नये म्हणून."

"वारा कशाला येतोय आता."

दुसऱ्या सकाळी मी कामावर उशिरा जाते असं सांगितलं आणि पॉलिश पेपर घेऊन चौकटीपाशी बसले. आईने ग्लास आणून ठेवला. "मुरू दे," म्हणाली आणि गेली. मशीन सुरू झालं. मी घासत होते. ग्लासात पिवळं धुकं हळूहळू खाली बसत होतं. वर पाणी निवळत चाललं होतं. बाबांनी ग्लासकडे बघितलं, प्लास्टिककडे, मग माझ्याकडे. मी घासायचं थांबले नाही, पण तीच जागा घासत होते. त्यांनी ग्लास उचलून गोल हलवला, आणि प्यायला लागले. गिळण्याचा आवाज मशीनच्या आवाजातून वेगळा ऐकू येत होता. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. तळाशी राहिलेल्या साक्यावर त्यांनी आपल्या दिवसभराच्या मोजलेल्या पाण्यातलं घोटभर ओतलं, विसळलं आणि तेही प्यायले. मग ग्लास माझ्यासमोर उलटा धरला.

"बघ. शिक्का मारतेस?"

डावा कोपरा त्या आठवड्यात सुकत गेला. मी रोज सुया टोचत होते आणि आकडा उतरताना बघत होते, आणि प्रत्येक आकड्याबरोबर ग्लास गेला कुठे हे मला कळत होतं. इतकं नेमकं यंत्र मी आयुष्यात वापरलं नव्हतं. आकडा चौदावर आला त्या दिवशी बाबांना बाहेरच्या खोलीत झोपवलं, कारण त्या रसायनाचा दर्प वाईट असतो, आणि मी पातळ इपॉक्सीचं रेझिन आणि हार्डनर समसमान मोजून कालवलं. मधासारखा रंग, तेलासारखं सळसळीत. ब्रशने लावलं की दिसेनासं व्हायचं. लाकूड ते अक्षरशः पीत होतं. ड्रिलने पाडलेल्या भोकांत मी सिरिंजने भरत गेले. भोक भरायचं, बघता बघता रिकामं व्हायचं. परत भरायचं. कागदावर सूचना होती, लाकूड नाकारेपर्यंत देत राहावं. हा शब्द तिथे कुणी निवडला असेल, मला कळेना. मी देत राहिले. गुडघे भरून आले, डोकं जड झालं, डब्यात उरलेलं मिश्रण आपोआप तापायला लागलं, आणि बाहेरच्या खोलीत बाबांना उमासे येत होते आणि आई त्यांची पाठ चोळत होती. शेवटी एका भोकात थेंब तसाच उभा राहिला, फुगीर, उजेड धरून. लाकडाला आता नको होतं.

महिन्याचा आकडा आला: पाच पूर्णांक एक. डॉक्टर खूष झाले. "बघा, लागू पडलं औषध!" आई रस्त्यात रडली, मग स्वतःच्याच रडण्याला हसली, आणि स्वतःचा पदर असताना माझ्या ओढणीला डोळे पुसले. बाबा गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचं जेवण सुटलं होतं. पुडीने पोट दगडासारखं होत होतं. चार चार दिवस ते संडासात जाऊन बसायचे आणि तसेच परत यायचे, भिंतीला धरून, घाम पुसत. आईने आणलेल्या औषधाने मग उलटं व्हायचं, आणि मग चादरी, बादल्या, आईने हसून काहीतरी बोलणं, त्यांनी भिंतीकडे तोंड करणं. हे पूर्वी नव्हतं. म्हणजे पूर्वी ते खुर्चीत बसून रस्ता बघायचे, खालच्या फळवाल्याचा तराजू किती झुकतो त्यावर वरूनच शेरे मारायचे, आणि त्यांचं रक्त त्यांना हळूहळू मारत होतं. मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचे, तराजूच्या दोन पारड्यांसारख्या, आणि कुठलं एकक वापरायचं तेच सुचायचं नाही.

खड्डा भरून झाला. घासून, प्रायमर लावून, पांढरा रंग देऊन झाला. झडपा परत बिजागऱ्यांवर चढल्या. सुया आता त्या कोपऱ्यात शिरतच नव्हत्या. वरून टेकवल्या तर यंत्र काहीच दाखवायचं नाही. मी ओल्या फडक्याने पुसून टेकवल्या, पाणी ओतून, ते निपटून टेकवल्या. काही नाही. तिथे आता काहीही मुरणार नव्हतं. त्या कोपऱ्याला यापुढे काही विचारता येणार नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी किती तरी वेळ ते यंत्र हातात धरून बसले. आणि प्लास्टिक मात्र काढलं नाही. इपॉक्सी अजून पक्कं व्हायचंय, असं सांगत राहिले.

"झालंय ते पक्कं," एका संध्याकाळी बाबा म्हणाले. आई कपडे पोचवायला गेली होती. "मी रोज नखाने बघतो. तळाकडून."

मी पट्टीवरून बोट फिरवलं.

"कधी कळलं? त्या बाई चादर घेऊन आल्या तेव्हा?"

"नाही. लाकडातून."

"लाकडातून!" त्यांना मनापासून हसू आलं आणि मी घाबरले, त्यांना धाप लागेल म्हणून. "एवढी वर्षं मी लोकांची मापं धरली. माझं कुणी धरेल असं वाटलं नव्हतं. तेही घरचंच माणूस." मग म्हणाले, "आईला?"

"नाही सांगितलं."

"नको सांगूस. ती बिचारी मुरवत बसते."

"बाबा, सहाच्या वर गेलं की..."

"ऐकलंय मी. कान चांगले आहेत माझे." त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला, तो कापत होता म्हणून त्यावर दुसरा ठेवला. "मला काही मरायची घाई झालेली नाही, मापाडी. असं काही मनात घेऊ नकोस. पण किती झोपायचं, किती प्यायचं, काय खायचं, सगळं दुसऱ्यांनी मोजलेलं. तो एक ग्लास होता. कधी ओतायचो, कधी नाहीही ओतायचो. माझं मी ठरवायचो." मग म्हणाले, "बहुतेक वेळा ओतायचो, खोटं कशाला बोलू."

"थोडं थोडं मारणारा सापडत नाही म्हणाला होतात."

"सापडला की." ते प्लास्टिककडे बघत होते. बाहेरच्या दिव्यांचे त्यावर मोठे, कडा नसलेले डाग पडले होते. "याला पण रेझिनच म्हणतात ना, तू लाकडात भरलंस त्याला? पुडीतल्यालाही तेच म्हणतात?"

"तेच. प्रकार वेगळा."

"म्हणजे दोघांना एकदमच भरायला घेतलंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि मी रागाची वाट बघत होते, राग आला असता तर मला भांडता आलं असतं, आकडे सांगता आले असते, आईचं नाव घेता आलं असतं. "लाकूड परत लाकूड होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं. "भार घेतं. कुजत नाही आता. पण लाकूड नाही म्हणता येत."

"खिडकी उघडशील?" त्यांनी विचारलं. हुकूम नव्हता तो. मला आठवेना, त्यांनी याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं होतं का.

पट्ट्या काढताना खिळे ओरडले. प्लास्टिक एका बाजूने सुटलं आणि लोंबायला लागलं, मग सगळंच खाली आलं, आणि खोलीत एकदम रस्ता शिरला: हॉर्न, धूर, खालच्या फळवाल्याची कुणाशी तरी चाललेली घासाघीस. बाबांनी मान पुढे काढली. मी झडपा ढकलून बघितल्या, सहज फिरत होत्या, कुठे अडत नव्हत्या. माझं काम चांगलं झालं होतं. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं आणि मी कडी दोनदा लावून काढून बघितली.

सकाळी आई ग्लास घेऊन आली. "बरं झालं, उजेड आला खोलीत. अगदी कोंडल्यासारखं झालं होतं." तिने ग्लास स्टुलावर ठेवला. "मुरू दे." मशीन सुरू झालं. मी पायांत चपला घालत दारात उभी होते. ग्लासातली पूड खाली उतरायला लागली होती, सावकाश, एकसारखी. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली रस्त्यावर कुणाचा तरी तराजू झुकत असावा, ते तिकडे बघत होते. मी आत येऊन ग्लास उचलून, हलवून, त्यांच्या हातात देऊ शकले असते. दोन पावलं होती. मी दार ओढून घेतलं आणि कामावर गेले, आणि त्यानंतर रोज तशीच जात राहिले, एरवीपेक्षा जरा लवकरच. घरात जेवणं नीट व्हायला लागली. फळवाल्यावर शेरे सुरू झाले. आई म्हणाली, औषध अंगी लागलं बघ, चेहरा उजळलाय. मी हो म्हटलं. प्रयोगशाळेत मी नमुने दोनदा तपासायला लागले, मग तीनदा, आणि वरिष्ठांनी विचारलं की यंत्रात काही बिघाड आहे का.

रक्त न्यायला येणारी मुलगी नेहमीच्या दिवशी येऊन गेली. बाबांनी तिला विचारलं, एवढी मोठी नळी कशाला, मापात घे. अहवाल दुपारी माझ्या फोनवर आला.

पोटॅशियम: सहा पूर्णांक सहा.